पाळीत पोहायचं असेल तर तयारी आधीच्या महिन्यापासून

आमच्या तलावावर सकाळी साडेसातची बॅच बायकांची असते. मे महिन्यात ती गच्च भरते. गेल्या उन्हाळ्यात नववीतली एक मुलगी शिडीवरून वर आली आणि काठावरच थिजली. कॉस्च्युमच्या आत तिने नेहमीचं पॅड लावलं होतं. पाणी पिऊन ते एवढं फुगलं होतं की चालताना दोन्ही पायांमध्ये लोंबत होतं, आणि चिकटपट्टी सुटून त्याची एक कड बाहेर डोकावत होती. मी तिच्या कमरेला टॉवेल गुंडाळून तिला आत नेलं. रडत रडत ती म्हणाली, "आईने दोन लावायला सांगितले होते. एक घसरलं."

आईने मायेनेच सांगितलं होतं. पण पॅड पाण्यात चालत नाही, एक लावा नाहीतर चार. त्यातली रक्त शोषणारी पावडर तलावाचं पाणीही तितक्याच हौसेने पिते आणि दोन मिनिटांत जागा संपते. पातळ पॅड, जाड पॅड, कापडी पॅड, साधी पीरियड पँटी, सगळ्यांची गत तीच.

पाळीत पोहायला शरीराची आडकाठी नाही. आडकाठी येते ती घाईची. पाळीचा नवा कप, म्हणजे रक्त साठवायला योनीत बसवायची मऊ वाटी, आयुष्यात पहिल्यांदा चेंजिंग रूममध्ये उघडला जातो, बाहेर कुणीतरी दार वाजवत असतं, हात ओले असतात, शिट्टी झालेली असते. अशा वेळी तो बसला नाही की "हे माझ्यासाठी नाही" असं बायका कायमचं ठरवून टाकतात. म्हणून पुढच्या पायऱ्या सांगितलेल्या क्रमानेच करा.

## आधी हे बघा: कुणी पाण्यात उतरू नये

पुढचं काही लागू असेल तर आधी डॉक्टर, मग तलाव.

- बाळंतपण, गर्भपात किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. बाळंतपणानंतर अंगावरून जातं ती पाळी नव्हे. त्या काळात टॅम्पॉन (योनीत घालायची, रक्त शोषणारी, दोरी लावलेली छोटी गुंडाळी) किंवा कप आत घालायचा नाही. साधारण सहा आठवड्यांनी तपासणी होते, तेव्हा विचारा.
- दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजतं, मोठ्या गाठी पडतात किंवा रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे जातो.
- ताप आहे, ओटीपोटात सतत दुखतं, स्रावाला घाण वास येतो, योनीला खाज किंवा जळजळ आहे.
- उठल्यावर चक्कर येते, जिना चढताना धाप लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. "मला नेहमीच असं होतं" म्हणून ही चक्कर अंगावर काढू नका. एक हिमोग्लोबिन करून घ्या. १२ च्या खाली असेल तर उपचार आधी सुरू करा.

कॉपर टी बसवलेली असेल तर कप वापरण्याआधी डॉक्टरांशी बोला. कप काढताना तिचा दोरा ओढला जाऊ शकतो.

## टप्पा १: काय वापरायचं ते ठरवा

पाण्यात खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात त्या तीनच गोष्टी.

मासिक पाळीचा कप. मऊ सिलिकॉनचा, रक्त शोषत नाही, साठवतो. एकदा जमला की पोहणाऱ्या बाईला याच्याइतकं सोयीचं काही नाही. शिकायला मात्र दोन-तीन पाळ्या लागतात, तेवढा धीर हवा.

टॅम्पॉन. शिकायला सोपा. एका पोहण्यापुरता उत्तम. प्रत्येक वेळी नवा लागतो, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं.

पोहण्यासाठीचा पीरियड कॉस्च्युम. आतून शोषणारा थर, बाहेरून पाणी अडवणारं कापड. अंगाला घट्ट बसला तरच काम करतो. शेवटच्या दिवसांच्या हलक्या स्रावाला आणि आत काही घालायची तयारी नसलेल्या लहान मुलींना हा बरा. दुसऱ्या दिवशीच्या जोरदार स्रावाला एकटा पुरत नाही.

हे तिन्ही नसेल तर पहिले दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका. "पाण्यात पाळी थांबते" हे मी दर महिन्याला ऐकते. पाळी थांबत नाही. पाण्याच्या दाबामुळे रक्त बाहेर यायचं प्रमाण तेवढ्यापुरतं कमी होतं. खोकलात, हसलात, शिडी चढलात की ते येतं, आणि येतं ते सगळ्यांच्या समोर.

कुमारिकांनी कप किंवा टॅम्पॉन वापरावा का, हा प्रश्न आया मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारतात. मोकळेपणाने सांगते. योनीपटल म्हणजे वाट बंद करणारा पडदा नव्हे. योनीच्या तोंडाशी असलेली ती लवचिक किनार असते. वाट बंद असती तर पाळीचं रक्त बाहेर आलंच नसतं. ती किनार ताणली गेली, क्वचित थोडी फाटली, तरी कौमार्याशी त्याचा काही संबंध नाही. मात्र मुलीची स्वतःची इच्छा नसेल तर जबरदस्ती करायची नाही.

## टप्पा २: आधीच्या पाळीत घरी सराव

हाच टप्पा गाळला जातो, आणि बाकीच्या बहुतेक फजित्या इथूनच सुरू होतात. सुट्टीचा दिवस निवडा, दाराला कडी लावा, अर्धा तास हाताशी ठेवा. स्राव चांगला असलेल्या दिवशी सराव करा. कोरड्या दिवशी काहीच सरकत नाही आणि दुखतं.

कप घालताना

१. नखं कापा, हात साबणाने धुवा. कप पाण्यात पूर्ण बुडवून पाच मिनिटं उकळा. त्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवा. कप तळाला चिकटू नये म्हणून तो अंडी फेटायच्या तारेच्या फेटणीत घालून उकळते मी.

२. कप गार होऊ द्या. मग कडेवर तर्जनी ठेवून ती कड कपाच्या आत खाली दाबा आणि दोन्ही बाजू चिमटीत धरा. टोक निमुळतं होतं, म्हणून नवशिक्यांना ही घडी सोपी जाते.

३. उकिडव्या बसा, किंवा एक पाय उपड्या बादलीवर ठेवा. कप पाण्याने ओला करा. श्वास सोडता सोडता तो माकडहाडाच्या दिशेने, मागच्या बाजूला सरकवा. बहुतेक जणी सरळ वर ढकलतात, म्हणून तो अडतो. आपला मार्ग मागे कललेला असतो.

४. बोटं सोडा. कप आत उघडला पाहिजे. बुडाभोवती बोट फिरवून बघा. गोल लागलं तर उघडला, घडी हाताला लागली तर नाही. घडी लागली तर बूड धरून थोडा फिरवा.

५. कपाच्या बुडाशी असलेली दांडी हलकेच ओढून बघा. कप लगेच खाली न येता अडला, म्हणजे बसला.

काढताना दांडी धरून ओढायचं नाही. उकिडव्या बसा, शौचाला करतो तसा थोडा जोर करा, बूड हाताशी आलं की ते चिमटीत दाबा. दाबल्यावर आतली हवाबंद पकड सुटते. मग थोडा तिरका करत बाहेर घ्या. पकड न सोडता ओढला तर दुखतं, आणि बायका घाबरून अंग आवळतात. आवळलं की तो आणखी वर जातो. तसं झालं तर पाच मिनिटं फेऱ्या मारा आणि पुन्हा बसा. कप पोटात हरवत नाही. वर गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्यातून कप जाऊ शकत नाही.

टॅम्पॉन घालताना

१. वेष्टन काढा, दोरी ओढून पक्की आहे ना ते बघा.

२. आपल्याकडे मिळणारे बरेचसे टॅम्पॉन बोटानेच घालायचे असतात. बुडाला तर्जनी लावा आणि मागच्या दिशेने, बोट जवळजवळ पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा. दोरी बाहेर राहिली पाहिजे.

३. उभं राहून चाला. काहीच जाणवलं नाही तर जागेवर आहे. चालताना टोचत असेल तर तो तोंडाशीच अडकलाय. काढा आणि नवा घाला, तोच आत ढकलू नका.

स्रावाला पुरेल असा सगळ्यात कमी क्षमतेचा टॅम्पॉन घ्या. "मोठा घेतला की निर्धास्त" हा हिशोब चुकीचा आहे. चार-पाच तासांनी काढलेला टॅम्पॉन निम्माअधिक कोरडा निघाला तर पुढच्या वेळी लहान घ्या.

घरची परीक्षा. कप किंवा टॅम्पॉन आत असताना पँटीत एक पातळ लायनर लावा. दहा उठाबशा, जागेवर वीस उड्या, मुद्दाम चार वेळा खोकणं. मग जमिनीवर पालथं पडून बेडकासारखे पाय मारा, ब्रेस्टस्ट्रोकला मारतो तसे. तीन-चार तासांनी लायनर बघा. कोरडं असेल तर पुढच्या पाळीत तलावावर जा. डाग असेल तर अजून एक महिना घरीच.

> थांबा: दोन-तीन पाळ्या सराव करूनही काहीच आत जात नसेल किंवा सहन होत नाही इतकं दुखत असेल, तर जोर लावू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

## टप्पा ३: आदल्या रात्रीची पिशवी

गडद रंगाचा, घट्ट बसणारा कॉस्च्युम, शक्यतो अर्ध्या मांडीपर्यंतचा. टोपी, गॉगल. दोन टॉवेल, त्यातला एक गडद. दोन सुक्या पँटी. दोन पॅड, कारण घरी परतताना तेच लागणार आहेत. जादा टॅम्पॉन कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत. जुनं वर्तमानपत्र, एक प्लास्टिकची पिशवी. पिण्याच्या पाण्याची एक जादा बाटली, कारण चेंजिंग रूमचा नळ बेसिनपाशी असतो आणि कप धुवायची वेळ संडासात येते.

सकाळी उपाशी जाऊ नका. बॅच सहाची असेल तर एक केळं आणि दोन खजूर, एवढंही पुरतं. भरपेट खायचं असेल तर दोन तास आधी.

पोटात कळा येत असतील तर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसारखी तुम्हाला आधी सोसलेली गोळी, खाऊन झाल्यावर, पोहण्याच्या तासभर आधी घ्या. आयुष्यातली पहिली गोळी तलावावर जायच्या सकाळी घेऊ नका. तिने गुंगी किंवा चक्कर आली तर ती पाण्यात येईल. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नयेत.

## टप्पा ४: चेंजिंग रूममध्ये

क्रम असा ठेवा: आधी लघवी, मग हात धुणं, मग टॅम्पॉन, मग कॉस्च्युम, शेवटी शॉवर. कॉस्च्युम आधी चढवला की तो पुन्हा उतरवायचा कंटाळा येतो आणि काम अर्धवट होतं.

कप घरूनच घालून निघा. तलावाचा संडास ही सरावाची जागा नव्हे. टॅम्पॉन मात्र शक्यतो तिथे पोचल्यावरच घाला. घरून घातलात तर प्रवास, पोहणं आणि परतणं मिळून त्याचे तास उगाच संपतात.

टॅम्पॉनची दोरी कॉस्च्युमच्या आत खोचून घ्या, म्हणजे कडेतून दिसणार नाही. एक टॅम्पॉन आत असताना दुसरा घालायचा नाही. "डबल सेफ्टी" म्हणून काहींनी घातलेला मी पाहिला आहे. आतला वर सरकतो आणि राहून जातो.

शॉवर घ्या, तोही अंग चोळून. हे पाळीपुरतं नाही, रोजचंच आहे. पाळीच्या रक्ताचे चार थेंब मिसळल्याने क्लोरीन नीट घातलेल्या तलावात कुणाला आजार होत नाही. सगळ्यांच्या अंगावरचा घाम आणि तेल मात्र तो क्लोरीन खात असतं.

प्रशिक्षकांना काय सांगायचं, हा मुलींचा मोठा प्रश्न. लपवायची गरज नाही आणि सगळं सांगायचीही नाही. "सर, आज पाळी आहे, आज हळू पोहते," एवढं एक वाक्य पुरतं. रिओ ऑलिम्पिकमध्ये, २०१६ साली, चीनची फू युआनहुई रिले संपल्यावर कॅमेऱ्यासमोर उभी राहून म्हणाली होती की काल रात्री पाळी सुरू झाली, म्हणून थकवा जाणवतोय. आपल्याला तर फक्त सरांना सांगायचंय. सर समजून घेणारे नसतील तर बॅचमधल्या एखाद्या ताईला सांगून ठेवा. पाण्यात उतरण्याआधी कुणातरी एकाला माहीत असलं पाहिजे.

## टप्पा ५: पाण्यात

थेट उडी मारू नका. शिडीने उतरा, कमरेपर्यंतच्या पाण्यात दोन मिनिटं चाला. गार पाण्याने पाळी बंद होत नाही आणि गाठीही होत नाहीत. पण गारठ्याने पोटाचे आणि पोटरीचे स्नायू आखडतात, आणि आधीच कळा असतील तर ते जास्त जाणवतं.

पहिली दहा मिनिटं संथ. पाठीवर तरंगण्याने कंबर मोकळी होते. माझ्या अनुभवात पहिल्या दिवशी याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल, काहीही चालतं. पायांच्या हालचालीने नीट बसलेला कप निघत नाही. नेहमी वीस फेऱ्या मारत असाल तर आज दहा ठरवा. बरं वाटलं तर वाढवा.

पहिल्या वेळी अर्ध्या तासाच्या वर थांबू नका, आणि खोल बाजूला एकटीने जाऊ नका. डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना मुंग्या, मळमळ, यातलं काही झालं तर लगेच काठ धरा आणि हाक मारा. "ही फेरी संपवून बघते" असं करू नका.

## टप्पा ६: बाहेर आल्यावर

शिडी चढताच टॉवेल गुंडाळा. वर येताना पाण्याचा दाब जातो. डाग दिसलाच तर बहुधा याच क्षणी दिसतो. कॉस्च्युममधून निथळणाऱ्या पाण्यात थोडा गुलाबीपणा आला तर घाबरू नका, शॉवरखाली जा.

मग लगेच:

१. टॅम्पॉन काढा, तो अर्धा तासच आत असला तरी. दोरी तलावाचं पाणी शोषून आत नेते. ओला टॅम्पॉन घालून घरी जाऊ नका.

२. कप असेल तर रिकामा करणं त्या क्षणी गरजेचं नाही. घरी जाऊन करा. कपासोबतच्या पत्रकावर लिहिलेली वेळ पाळा, ती सहसा जास्तीत जास्त १२ तासांची असते.

३. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवा. आत साबण, डेटॉल किंवा पाण्याचा फवारा मारायचा नाही. आतली सफाई शरीर स्वतः करतं. तुम्ही केली तर जंतुसंसर्ग ओढवून घ्याल.

४. ओला कॉस्च्युम पहिल्या दहा मिनिटांत उतरवा. त्यावर कुर्ता चढवून स्कूटरवरून घरी येणाऱ्यांना मांड्यांच्या सांध्यात खाज सुटते आणि दोष पाळीला जातो.

५. सुकी पँटी, पॅड.

टॅम्पॉन संडासात टाकू नका, पाइप तुंबतो. वर्तमानपत्रात गुंडाळा. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत कचरावेचक महिलांसाठी सुरू झाली, म्हणजे त्यांना पुडी उघडून बघावी लागत नाही. तुम्ही कुठेही राहत असाल तरी एवढं पेन हाताशी ठेवा.

डाग पडलेला कॉस्च्युम गार पाण्यातच धुवा. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो.

## घड्याळ आणि ताप

टॅम्पॉन दर चार ते आठ तासांनी बदलायचा, आठच्या पुढे कधीच नाही. मोबाइलवर गजर लावा. जास्त वेळ राहिलेल्या टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. कपानेही तो झाल्याची मोजकी उदाहरणं आहेत. अचानक जोराचा ताप, उलट्या किंवा जुलाब, उन्हाने भाजल्यासारखा लाल चट्टा, भोवळ, ही लक्षणं दिसली तर आत असेल ते आधी काढा आणि थेट रुग्णालयात जा. तिथे पहिल्याच वाक्यात "मी टॅम्पॉन वापरला होता" किंवा "कप वापरला होता" हे सांगा. लाजून हे लपवलं तर डॉक्टर तापाचं कारण दुसरीकडेच शोधत बसतात.

## विहीर, नदी, समुद्र

गावाकडच्या विहिरीत पोहणाऱ्या मुलींना "विहीर बाटेल" म्हणून काठावर बसवतात. विहीर बाटत नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत मात्र कुणीच, कुठल्याच दिवशी पोहू नये.

अडचण वेगळीच असते. विहिरीपाशी आडोसा नसतो, हात धुवायला साबण नसतो, पाण्यात क्लोरीन नसतो. म्हणून तिथे कप घरूनच घालून जा आणि घरी येऊनच काढा. साचलेलं, हिरवट किंवा पुरानंतरचं गढूळ पाणी असेल तर पाळी असो वा नसो, उतरू नका. कोकणात समुद्रावर गेलात तर ओल्या कपड्यांत वाळूवर बसून राहू नका. वाळू आणि खारं पाणी मिळून त्या दिवसांत त्वचा फार लवकर सोलवटते.

## वहीत लिहा

पोहून आल्यावर चार ओळी लिहून ठेवा: पाळीचा कितवा दिवस, काय वापरलं, किती वेळ पोहलात, डाग पडला का, कुठे पडला. तीन महिन्यांत तुमचा स्वतःचा नमुना दिसायला लागतो. माझ्या वहीत दुसऱ्या दिवसापुढे सलग तीन महिने "कप चार तासांत भरला" असं निघालं. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी मी बॅचला निघण्याआधी कप एकदा रिकामा करून पुन्हा घालते. त्या मुलीलाही मी अशीच एक वही दिली. तिचं पहिलं पान जूनचं आहे: "दिवस चौथा. पीरियड कॉस्च्युम. २५ मिनिटं. डाग नाही."